पुढचं घर

सरांकडे एकोणीस सदरे होते आणि सहा महिन्यांत मी त्यांना दोनच घातलेले पाहिले. एक फिकट निळा, एक बारीक रेघांचा. बाकीचे सणासुदीला ठेवले असतील अशी माझी समजूत होती. मग एकदा त्यांच्या मुलीनं, कावेरीनं, कपाट उघडून दाखवलं. धुऊन आलेला सदरा सर चळतीच्या वर ठेवत आणि सकाळी वरचाच उचलून घालत. खालचे सतरा सदरे वर्षानुवर्षं जागचे हलले नव्हते, घड्यांवर पिवळे पडत चालले होते. "मी दरवेळी सांगते, अप्पा, खालचा काढा," कावेरी म्हणाली. "तर म्हणतात, चळतीच्या मधून काढायचं नसतं." हाच धडा सरांनी आम्हाला वर्गात दिला होता. संगणकात अशी एक चळत असते, तिला स्टॅक म्हणतात, तिच्यात शेवटी ठेवलेलं आधी निघतं. आम्ही तो वहीत उतरवून घेतला होता. माणूस तो कपाटातही पाळत असेल, हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

मी मूळचा कराडचा. मद्रासजवळ श्रीपेरुंबुदूरच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात नोकरीला होतो आणि ट्रिप्लिकेनच्या एका मॅन्शनमध्ये राहत होतो. मॅन्शन हे नाव ऐकून आमच्या आईनं गावभर सांगितलं होतं की पोरगा बंगल्यात राहतो. प्रत्यक्षात ती सड्याफटिंगांची चाळ. माझ्या वाट्याला एक खाट, एक ट्रंक आणि खिडकीची अर्धी चौकट. कंपनीची बस पहाटे उचलायची, संध्याकाळी आणून टाकायची. दिवसभर मी तयार सर्किटं तपासणीच्या यंत्रात घालत असे आणि दिवा हिरवा लागला की बाहेर काढत असे. त्या यंत्राचे प्रोग्रॅम लिहिणारा विभाग वरच्या मजल्यावर होता. तिथं जायचं तर सी भाषा यायला हवी होती आणि परीक्षा द्यायची होती. म्हणून मी शनिवार-रविवार एग्मोरला सरांच्या वर्गाला जाऊ लागलो.

वर्ग एका लॉजच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. सर एका मोठ्या कचेरीच्या संगणक विभागातून निवृत्त झालेले. वर्गात ते इंग्रजी आणि तमिळ मिसळून बोलत. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि तंजावरला पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरांतल्या त्यांच्या मराठीत विचारलं, "कोठून आलास?" ती मराठी ऐकून मी दचकलोच. बखरीतलं पान काढून त्याच्यावर सांबार वाढल्यासारखी भाषा होती. मी कराड म्हणालो. "म्हणजे पूना," ते म्हणाले, आणि तेव्हापासून माझं नाव पूना पडलं. कृष्णेच्या पलीकडचं सगळं त्यांच्या लेखी पूनाच होतं.

पहिला महिनाभर त्यांनी आम्हाला संगणकाला हात लावू दिला नाही. भिंतीला चार यंत्रं झाकून ठेवलेली असत आणि आम्ही बारा जण स्टुलांवर बसून चिठ्ठ्या खेळत असू. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी, तिच्यावर आपल्यानंतर कोण त्याचं नाव. सरांना फक्त पहिला माहीत. पहिल्याला विचारायचं, तो दुसऱ्याचं नाव सांगणार, दुसरा तिसऱ्याचं. शेवटच्याच्या चिठ्ठीवर 'कोणी नाही' असं लिहिलेलं असायलाच हवं. ते लिहायचं राहिलं तर यंत्र थांबत नाही, परक्याच्या घरात शिरतं, असं सर सांगत. याला लिंक्ड लिस्ट म्हणतात, म्हणजे साखळी.

एकदा सरांनी रेवती नावाच्या मुलीला सांगितलं की साखळीतून मुरुगनला काढून टाक. रेवती म्हणाली, "मुरुगन, तू जा." मुरुगनला तेवढंच हवं होतं. तो चिठ्ठी खिशात घालून खाली चहाला गेला. सर म्हणाले, छान, आता पुढचे सात जण कुठे आहेत? रेवतीनं आमच्याकडे बोट दाखवलं. "तुला दिसतात. यादीला दिसत नाहीत. त्यांचा पत्ता मुरुगनच्या खिशात होता, आणि तो तू न वाचता पाठवून दिलास." मग पुढचा तासभर सर आमच्याशी बोलले नाहीत. मी त्या सातांत होतो. मी हात वर केला तर त्यांची नजर माझ्यावरून सरळ भिंतीवर गेली. सुरुवातीला आम्ही हसत होतो. नंतर मला खरंच कसंतरी झालं. त्या शहरात मला नावानं हाक मारणारं तसंही कोणी नव्हतं, आणि जो एक होता त्यानंही तासाभरासाठी मारायची बंद केली. मुरुगन परत आला तेव्हा सर रेवतीला एवढंच म्हणाले, "आधी विचार, मग सोड."

नवा माणूस साखळीत कसा घ्यायचा, हे त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हणालो, नव्याला सांगायचं की तुझी जागा इथे. "नव्याला सांगून काय होतें?" सर मला मराठीत म्हणाले. "सांगायचें आधीच्याला. त्याच्या चिठ्ठीवर नाव आलें की नवा आत आला. नव्याला ठाऊक नसलें तरी चालतें." मी मान डोलावली. परीक्षेला येईल म्हणून खाली रेघही मारली.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे वस्तू हरवली की शोधायला उठायचं नाही. चष्मा सापडेना, की डोळे मिटून बसून राहायचे. शोधायच्या आधी विचार करावा, ती वस्तू ठेवली कोणी आणि कशासाठी, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. यासाठी त्यांनी सगळ्या वर्गाला एकदा एग्मोर स्टेशनवर नेलं. डब्यावर चिकटवलेल्या आरक्षणाच्या कागदासमोर उभं करून एक आडनाव शोधायला सांगितलं. आम्ही वरपासून खालपर्यंत बोट फिरवत बसलो. मग एक बर्थ नंबर सांगितला, तो क्षणात सापडला. सर म्हणाले, हा कागद ज्याला नंबर माहीत आहे त्याच्यासाठी लावलाय. कुठलाही क्रम एकाच प्रश्नाचं उत्तर पटकन देतो, दुसऱ्या प्रश्नाला तो उपयोगी नाही. मागे गाडीतले प्रवासी आमच्याकडे बघत होते, कारण आम्ही बारा जणांनी दार अडवलं होतं.

मैलापूरच्या त्यांच्या घरी माझं जाणं वाढलं ते मराठीमुळे. सरांची बायको वारली होती, घरात ते आणि कावेरी. कावेरी मराठी समजून घ्यायची, पण बोलताना तमिळमध्ये घसरायची. मी गेलो की सर तिला डांगर करायला लावत आणि मला जेवायला बसवत. तिथंच मी तो डबा पाहिला.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत एकतीस जुनी पंच कार्डं होती. सर नोकरीला लागले त्या काळी संगणकाला अशा भोकं पाडलेल्या कार्डांतून सूचना देत. गठ्ठा हातून पडला की सगळा प्रोग्रॅम विस्कटे, म्हणून गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलनं तिरकी रेघ ओढून ठेवत. रेघ जुळवली की क्रम परत लागे. हे सर वर्गात नेहमी सांगत. डब्यातल्या कार्डांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मात्र घराण्यांची नावं, पत्ते आणि फोन नंबर होते. सरांचं कुटुंब तंजावरच्या ज्या आळीत राहत होतं, तिथली ती घरं. सरांचं घर आळीच्या तोंडाशी, पहिलं. ते धरून एका ओळीत एकतीस. नोकऱ्यांच्या मागे एकेक घर मद्रासला आलं आणि तांबरमपासून वॉशरमनपेटपर्यंत पांगलं. सरांची आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं डोळे मिटून दारामागून दार सांगितलं आणि सरांनी कार्डामागे कार्ड लिहिलं. आळीची रीत अशी होती की कार्य निघालं की बोलावणं पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत ओळीनं जायचं. कुणालाही त्याच्या पाळीआधी नाही, कुणालाही गाळून नाही. आळी तंजावरातून उठली तरी ही ओळ मोडू देऊ नको, असं आईनं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. पंधरवड्यानं ती गेली.

कावेरीचं लग्न ठरलं आणि सरांनी डबा काढला. ते स्वतः बसनं सगळीकडे जाणार होते, ओळीनं. ट्रिप्लिकेनमध्ये एकाच इमारतीत दोन घरं होती; नंतर कळलं, एक चौदावं आणि एक बाविसावं. मी म्हणालो, एकाच दिवशी उरका. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढं बोललो नाही.

त्या रविवारी ते पत्रिकेचा नमुना बघायला जॉर्ज टाउनला गेले. जाताना मला म्हणाले, "पूना, तीन घरांस फोन करून पाहा, पत्ता तोच आहे कां." नावं सांगितली आणि गेले. मी डबा उघडला. पहिलं नाव सापडेपर्यंत वीस कार्डं उलटावी लागली. दुसऱ्यासाठी सत्तावीस. आदल्याच आठवड्यात आम्ही बायनरी सर्च शिकलो होतो: नावं अक्षरानुक्रमे लावलेली असली की मधलं उघडायचं, आपलं नाव अलीकडे की पलीकडे ते पाहायचं, उरलेल्याचं पुन्हा मधलं. एकतीस कार्डांत फार तर पाच वेळा बघावं लागतं. मला वाटलं, घरांची ओळ सरांना पाठच असणार; पण एवढा डबा आणि त्यात काही क्रम नाही, ही काय गंमत. मी सगळी कार्डं जमिनीवर पसरली, अ पासून नीट लावली, कडा ठोकून सारख्या केल्या आणि डब्यात ठेवली. कावेरी शिंप्याकडे गेली होती, नाहीतर तिनं माझा हात धरला असता.

सर आले तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "कुठलंही नाव सांगा, पाच नजरांत काढतो." त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला नमुना खाली ठेवला. डब्याकडे पाहिलं. एक नाव सांगितलं. मी चार नजरांत काढलं.

"छान," सर म्हणाले. "आता सांग, ह्याच्या पुढें कोण?"

मी पुढचं कार्ड वाचलं. सर खुर्चीत बसले. तेव्हा कुठं मला कळलं की मी काय केलं आहे. कार्डांवर क्रमांक नव्हते. कोण कोणाच्या पुढं हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. कार्डं ज्या ओळीनं ठेवली होती ती ओळ हीच त्यांच्या आईची शेवटची गोष्ट होती, आणि ती मी अर्ध्या तासात पुसली होती. मी गठ्ठा उचलून कडेवर तिरकी रेघ शोधली. रेघ नव्हती.

"नाहीं," सर म्हणाले. "तीस वर्षें सगळ्यांस सांगितलें, रेघ ओढा. घरचा डबा कोण पाडणार म्हणून मीच ओढली नाहीं."

ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागद घेऊन आठवायला सुरुवात केली. पहिली आठ घरं आठवली. शेवटचं घर तांबरमचं, तेही पक्कं होतं. मधली बावीस त्यांनी डब्यावर सोपवून विसरून टाकली होती. लग्नाला सात आठवडे होते. एक जरी घर उलटसुलट झालं तरी ते घर लग्नाला येणार नाही आणि आळी तिथं मोडेल, हे त्यांनी मला डबा काढला तेव्हाच सांगितलं होतं. मी रडायच्या बेताला आलो होतो. सरांनी चहा मागितला, प्यायले आणि म्हणाले, "आईस विचारतां येत नाहीं. आठव्या घरास तर विचारतां येतें."

मग आम्ही निघालो. रोज शिफ्ट संपली की मी मैलापूरला यायचो, रविवारी वर्ग सुटला की उरलेला दिवस त्यातच. हातात पत्रिका आणि डबा. प्रत्येक घरी आधी अक्षता, मग कॉफी, मग सर विचारत, "तंजावुरांत तुमच्या पुढचें दार कोणाचें?" माणसं आधी बावरत. मग आतून कोणी म्हातारी येई, जमिनीवर बोटानं आळी काढे, इथं विहीर, इथं आमचं जोतं, इथं ते. नाव सांगितलं की मी डब्यातून कार्ड काढत असे, फार तर पाच नजरांत. अक्षरानुक्रमाचा तेवढा उपयोग झाला. सर ते कार्ड समोर ठेवून मला आधीच्या घराच्या कार्डावर तळाशी शाईनं लिहायला लावत: पुढचं घर, अमुक. ट्रिप्लिकेनच्या त्या इमारतीत आम्ही दोन वेगवेगळ्या दिवशी गेलो. पहिल्या दिवशी बाविसाव्या घरातल्या बाई जिन्यात समोर आल्या तर सरांनी नुसती मान हलवली आणि त्यांनीही काही विचारलं नाही.

सतराव्या घरात अडलं. तिथले अण्णा म्हणजे टोकदार मिशांचे गृहस्थ, शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. पुढच्या दाराचं नाव विचारताच म्हणाले, "तें नाव ह्या तोंडानें निघणार नाहीं." भिंतीवरून भांडण झालेलं, त्याला चाळीस वर्षं झाली होती, भिंत आणि आळी दोन्ही गेली तरी भांडण शाबूत होतं. सरांनी परोपरीनं विनवलं. अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. आम्ही उठलो. चपला घालताना त्यांची बायको पाणी विचारायला म्हणून दारात आली आणि हळूच नाव सांगून गेली. "कोणी विचारलें की चाळीस वर्षें मीच सांगत आलें," एवढंच म्हणाली. रस्त्यावर आल्यावर सर म्हणाले, घरावर नाव एकाचं असतं, पुढचा पत्ता भलत्याकडेच असतो. हे मात्र ते शिकवत असल्यासारखे बोलले नाहीत.

तांबरमचं शेवटचं घर रुळांच्या जवळ होतं. तिथं एक वयस्क अक्का एकट्याच राहत. त्यांना आम्ही विचारलं, तुमच्या पुढं? "आमच्या पुढें भिंत," अक्का हसून म्हणाल्या. "भिंतीपुढें तळें." मी कार्ड घेतलं आणि पेन उघडलं. 'कोणी नाही' लिहायचं होतं. सर म्हणाले, "हें पेन्सिलीनें लिही." बाकी तीस कार्डं त्यांनी शाईनं लिहून घेतली होती, एकावर खाडाखोड झाली तर पुन्हा लिहायला लावलं होतं. मी दमलो होतो. का, ते विचारलं नाही.

लग्नाला एकतीसच्या एकतीस घरं होती. सतरावं आणि अठरावं घर एकाच पंगतीत, मध्ये सहा पानं सोडून जेवलं. मांडवातच सरांनी सगळ्यांना सांगितलं की आता माझे पाय थकले. ह्यापुढं कार्य निघेल तेव्हा पहिल्या घरानं दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. मला म्हणाले, "अवघें एका डब्यांत ठेविलें होतें. आतां एकतीस घरांत ठेविलें. तुला पसरायला कांहीं उरलें नाहीं." त्या दिवशी इतक्या आठवड्यांनी ते माझ्याकडे बघून हसले.

पुढं मी परीक्षा पास झालो, वरच्या मजल्यावर गेलो. आणि मग सगळे करतात तेच केलं. कामाचं निमित्त झालं, एग्मोर सुटलं, मैलापूर आठवड्यावरून महिन्यावर गेलं, महिन्यावरून नाहीच. सरांचा फोन नंबर माझ्याकडे होता, माझा त्यांच्याकडे होता. वर्ष उलटून गेलं. फोन करायचा विचार आला की आधी लाज वाटायची, मग वाटायचं, पुढच्या रविवारी.

एका बुधवारी दुपारी कामावर असताना फोन वाजला. नंबर अनोळखी. पलीकडे बाईंचा आवाज, ती बखरीतली मराठी.

"तांबरमहून बोलतें. कावेरीस मुलगी जाहली. शुक्रवारीं बारसें, मैलापूरच्या घरीं. तुमच्या घरास सांगायचें काम आमचें, म्हणून केला."

मी विचारलं, अक्का, तुम्ही मला कशा सांगता, सरांनी सांगितलंय का. "तुमचे सर आम्हांस कशास सांगतील? आम्हांस तिसाव्या घरानें सांगितलें," अक्का म्हणाल्या. "लग्नाच्या पुढल्या आठवड्यांत सर एकटेच आले होते. इतक्या उन्हांत, बसनें. म्हणाले, अक्का, तुमच्या पुढें आतां भिंत नाहीं, एक घर आहे, नंबर लिहून घ्या. कॉफी घेतली, गेले. कां हो, तुम्हांस ठाऊक नाहीं?"

मला ठाऊक नव्हतं. मी हो म्हणालो, येतो म्हणालो आणि फोन ठेवून जिन्यात जाऊन बसलो. माझं घर म्हणजे एक खाट आणि एक ट्रंक. डोळे पुसायला रुमाल सापडेना, तेव्हा बाहीनं पुसले.

शुक्रवारी गेलो. घर माणसांनी भरलेलं, सतरावं घर पाळण्याच्या एका बाजूला, अठरावं दुसऱ्या बाजूला. सर दाराशी खुर्ची टाकून बसले होते, अंगात फिकट निळा सदरा. इतके दिवस का आला नाहीस, असं ते विचारतील म्हणून मी उत्तर तयार करून आलो होतो. त्यांनी ते विचारलंच नाही. मी वाकलो तर डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पूना, तुला कोणी सांगितलें?"

"तांबरमच्या अक्कांनी."

सरांनी डोळे मिटले, चष्मा शोधताना मिटत तसे.

"सरी, बरें," ते म्हणाले. "म्हणजे शेवटपर्यंत पोचतें. जा, आंत जाऊन जेव."